शंभरातले अठ्ठ्याण्णव

साडीच्या दुकानात गादीवर ऐसपैस बसायचं, पन्नासेक घड्या मोडायला लावायच्या, दुकानदाराने मागवलेला चहा प्यायचा, 'हाच रंग, पण काठ जरा बारीक' असली काहीतरी अशक्य फर्माईश करायची आणि मग 'बरं, एक चक्कर मारून येते हं' म्हणत चपला घालायच्या, ही विद्या आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. दुकानदारही पोचलेला असतो. तो हसून 'या, या, दुकान तुमचंच आहे' म्हणतो आणि पोऱ्याला नुसत्या खुणेने घड्या घालायला बसवतो. चक्कर मारायला गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही हे दोन्ही पक्षांना पक्कं ठाऊक असतं, पण तोंडावर कुणी बोलत नाही. कुणाचा अपमान नाही, चिडचिड नाही आणि हिशेबाच्या वहीत या भेटीची नोंदही नाही.

इंटरनेटवरच्या दुकानात हा सभ्यपणा चालत नाही, कारण तिथे नोंद होते. तुम्ही किती वाजता आलात, कुठल्या जाहिरातीवरून आलात, कुठल्या फोटोवर बोट थबकलं, भाव बघून किती सेकंदांत पळ काढलात, सगळं लिहून ठेवलेलं असतं. या नोंदी वाचून झोप उडालेल्या लोकांचा आता एक स्वतंत्र धंदाच झाला आहे. माझा पुतण्या त्या धंद्यात आहे. नुसतं बघायला आलेल्या माणसाला काहीतरी घ्यायला लावणं, हे त्याचं काम. त्याला 'कन्व्हर्जन रेट ऑप्टिमायझेशन' म्हणतात. लग्नाच्या बैठकीत 'मुलगा काय करतो?' या प्रश्नावर आम्ही 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढ्यावरच भागवतो.

त्याची आई, म्हणजे माझी वहिनी, डोंबिवलीत घरच्या घरी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला असलं करून विकते. पंधरा-वीस वर्षं हे काम ओळखीपाळखीवर बरं चाललं होतं. पण जगाची दुकानं सुधारून द्यायची आणि आईचं दुकान जुन्या डायरीत, हे पुतण्याच्या मनाला लागलं. त्याने तिला वेबसाइट काढून दिली. फोटो काढले. मेतकुटाचा फोटो इतका देखणा आला की ते मेतकूट आहे हे मला खालचं नाव वाचून कळलं. मग थोडे पैसे टाकून जाहिरात केली, आणि आठवड्याने लॅपटॉप उघडून आईला समोर बसवलं.

"हे बघ. शंभर माणसं आली की त्यातली दोन घेतात. म्हणजे आपला कन्व्हर्जन रेट दोन टक्के."

"आणि उरलेले अठ्ठ्याण्णव?"

"ते जातात."

"मग आले कशाला होते?"

पुतण्या गप्प झाला. त्याच्या व्यवसायात या प्रश्नावर ढीगभर लेख, परिषदा आणि महागडी सॉफ्टवेअरं आहेत, पण इतक्या सरळ शब्दांत त्याला तो कुणी विचारला नव्हता. दोन टक्के वाईट नाही, बहुतेक ऑनलाइन दुकानांचं शंभरात दोन-तीनवरच भागतं, वगैरे त्याने सांगून पाहिलं. वहिनीच्या चेहऱ्यावर मात्र दारी आलेली अठ्ठ्याण्णव माणसं पाणीही न पिता गेल्याची खंत होती.

शंभरापासून दोनपर्यंतच्या या प्रवासाला फनेल म्हणतात. वर रुंद तोंड, खाली चिंचोळी नळी. जाहिरात दिसली, पान उघडलं, वस्तू बघितली, कार्टात टाकली, पत्ता भरला, पैसे दिले. प्रत्येक पायरीवर माणसं गळतात, आणि कुठल्या पायरीवर किती गळाली हे बघून तिथली भोकं बुजवायची. कल्पना इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला एलिआस सेंट एल्मो लुईस नावाचा जाहिरातवाला होता. आधी लक्ष वेधा, मग रस टिकवा, मग इच्छा जागवा आणि मग कृती करायला लावा, ही चार पायऱ्यांची शिडी १८९८ सालापासून त्याच्या नावावर आहे. आजही व्यवस्थापनाच्या वर्गांत तीच शिकवतात. लुईससाहेबांबद्दल आदर आहे, पण इच्छा आणि कृती यांच्यामध्ये आपल्याकडे एक भलामोठा जिना आहे, तो त्यांना फिलाडेल्फियात बसून दिसणं शक्यच नव्हतं. 'ह्यांना विचारते' ही त्याची पहिली पायरी. 'नणंदेने कुठून घेतलं ते बघते' ही दुसरी. त्यापुढे 'आधीचं संपू दे', 'पितृपक्ष संपू दे', 'पगार होऊ दे' अशा पायऱ्या येतात आणि शेवटी 'तसं घरी करायला काय लागतं?' हा माळा. त्या माळ्यावर गेलेलं माणूस खाली येत नाही.

आता कार्ट. दुकानातल्या ढकलगाडीचा शोध १९३७ साली ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या किराणा दुकानदाराने लावला. हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं, हे त्याने हेरलं होतं. पण गाडी आली तरी ती कुणी हातात धरेना. पुरुषांना वाटे, आपल्याला काय टोपली उचलवत नाही? बायकांना वाटे, बाबागाड्या ढकलून झाल्या, आता पुन्हा हे काय! शेवटी गोल्डमनने पैसे देऊन माणसं ठेवली. त्यांनी गिऱ्हाईक असल्यासारखं दुकानभर गाड्या ढकलत फिरायचं. ते बघून बाकीच्यांनी गाड्या घेतल्या आणि गोल्डमन गब्बर झाला. आज 'सतरा जण हेच उत्पादन बघत आहेत' असं जे स्क्रीनवर चमकतं, ते सतरा जण या पगारी मंडळींचेच वंशज.

ऑनलाइन कार्टाची अडचण वेगळी होती. वेबसाइटला स्मरणशक्तीच नव्हती. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की तुम्ही तिला अनोळखी. १९९४ साली नेटस्केपमधल्या लू माँटुली या तरुणाने गिऱ्हाईकाच्या कॉम्प्युटरवरच एक छोटी चिठ्ठी ठेवायची युक्ती काढली, म्हणजे कार्टात काय टाकलंय ते लक्षात राहील. तीच ती कुकी, जिच्यासाठी आज प्रत्येक वेबसाइट दारातच आपली परवानगी मागत उभी असते. वाणसामानाची यादी आठवावी म्हणून ठेवलेला मुलगा पुढे घरातली सगळी भांडणं गावभर सांगत सुटला, असं तिचं झालं.

तर हे कार्ट भरून तसंच टाकून जाणाऱ्यांचं प्रमाण जगभरात सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. डेन्मार्कमधली बेमार्ड इन्स्टिट्यूट ही संस्था वर्षानुवर्षं याचाच अभ्यास करते. त्यांच्याकडे मोठ्या संख्येने लोक एक कारण सांगतात, ते म्हणजे 'नुसतं बघत होतो'. हे कारण तज्ज्ञ मंडळी बाजूला काढून ठेवतात, कारण त्याला औषध नाही. माझ्या मते खरा विषय तिथेच सुरू होतो. आमच्या घरातल्या कार्टात एक मिक्सर, दोन पडदे आणि एक तांब्याची कळशी कित्येक महिने सुखाने नांदत आहेत. ती घ्यायची आहेत असं कुणी म्हणत नाही, काढून टाका असंही कुणी म्हणत नाही. दुपारचं जेवण झालं की बायको एकदा आत डोकावून कळशीचा भाव बघते. उतरला असेल तर 'बघ, तेव्हा घेतली असती तर फसलो असतो' म्हणते, चढला असेल तर 'आता कोण घेतंय' म्हणते. दोन्ही वेळा तिला समाधान मिळतं, आणि ज्याच्या दुकानात ते मिळतं त्याला छदामही मिळत नाही. त्याच्या नोंदीत ही 'अपूर्ण खरेदी' आहे. आमच्याकडे ती पूर्ण झालेली असते.

मग सुरू होतात निरोप. पहिल्या दिवशी 'तुम्ही काहीतरी विसरलात!' दुसऱ्या दिवशी 'तुमचं कार्ट तुमची वाट बघतंय.' तिसऱ्या दिवशी 'खास तुमच्यासाठी दहा टक्के सूट.' आमच्या शेजारच्या काकूंनी या तीन दिवसांचा पूर्ण अभ्यास केला आहे. त्या रविवारी रात्री कार्ट भरतात आणि फोन बाजूला ठेवून देतात. 'लगेच घेतलं की त्यांना वाटतं गरज आपल्याला आहे,' असं त्यांचं म्हणणं. बुधवारी सूट आली की मग विचार करतात. कुणा हुशार मंडळींनी भरपूर आकडेमोड करून विसराळू गिऱ्हाईकासाठी ही सूट काढली. काकूंना १९८२ साली कुणी किती आहेर केला होता तेही आठवतं.

पुतण्याने वहिनीच्या साइटवरची पहिली गळती शोधली ती पत्त्याच्या पानावर. फॉर्म त्याने कुठूनतरी तयार उचलला होता. त्यात पहिलं नाव, आडनाव, कंपनीचं नाव, पत्ता ओळ एक, पत्ता ओळ दोन, शहर, राज्य, देश, पिनकोड आणि वर खातं उघडायला पासवर्ड, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. भाजणीसाठी! गिऱ्हाईकं कोण, तर बदलापूर, सातारा, नाशिककडच्या पन्नाशीपुढच्या बायका. त्यांचे पत्ते म्हणजे 'गणपतीच्या देवळामागे, जोशीवाडा पाडून झालेली नवी बिल्डिंग, खाली झेरॉक्सवाला'. हे पहिल्या ओळीत मावत नाही, आणि मावलं नाही की ओळ लाल होते. ओळ लाल झाली की माणसाला आपलं काहीतरी चुकलं असं वाटतं, आणि आपलं चुकलं असं वाटायला लावणाऱ्या दुकानात कुणी थांबत नाही.

खात्याच्या सक्तीबद्दल या व्यवसायात एक प्रसिद्ध गोष्ट आहे. जॅरेड स्पूल या सल्लागाराने ती २००९ साली लिहिली. एका मोठ्या दुकानाच्या साइटवर पैसे देण्याआधी 'नोंदणी करा' असं बटण होतं. नवे लोक चिडायचे, की मी इथे वस्तू घ्यायला आलोय, सोयरीक जुळवायला नव्हे. आणि जुने लोक पासवर्ड विसरलेले असायचे. स्पूलच्या मंडळींनी ते बटण काढून तिथे 'पुढे चला' लिहिलं आणि खातं उघडायची गरज नाही अशी साधी ओळ टाकली. खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले आणि वर्षभरात विक्री ३० कोटी डॉलर्सनी. दुकानाचं नाव स्पूलने सांगितलं नाही. पुतण्याने हा किस्सा आईला मोठ्या उत्साहाने सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे आधी तुम्हीच आडवं लावायचं, मग काढायचं, आणि काढल्याचे पैसे घ्यायचे?" पुतण्याने निमूटपणे पासवर्ड काढला. कंपनीचं नावही काढलं.

दुसरी गळती पैशांच्या पानावर. इथे मात्र दोष कुणाला द्यावा कळत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९पासून कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना दुसऱ्यांदा खातरजमा सक्तीची केली, ते आपल्या भल्यासाठीच. पण कार्ड सातारच्या घरात, त्याला जोडलेला फोन नंबर यजमानांचा, आणि यजमान पुण्याहून डेक्कन क्वीनने निघालेले. इकडे स्क्रीनवर तीन मिनिटांचं घड्याळ उलटं धावतंय, तिकडे यजमान खंडाळ्याच्या बोगद्यात. ओटीपी कर्जतला पोचतो. तोवर इच्छा विझलेली असते, आणि यजमानांना फोनवर विचारावंच लागलं असल्यामुळे "एवढी कसली भाजणी मागवतेस?" हा प्रश्नही येऊन गेलेला असतो. २०१६ साली यूपीआय आलं आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. निदान बायकोच्या खरेदीची खबर नवऱ्याला घाटात मिळणं तरी थांबलं.

आपल्या लोकांची खरी नाडी ओळखली ती फ्लिपकार्टने, २०१० साली. वस्तू दारात आल्यावर रोख पैसे द्या, म्हणाले. सगळा देश एकदम कन्व्हर्ट झाला. मात्र आपण 'ऑर्डर' या शब्दाला जितकं वजन देतो तितकंच दुकानदारानेही द्यावं अशी आपली अपेक्षा असते. वहिनीने महिनाभर ही सोय ठेवून पाहिली. पार्सल घेऊन पोऱ्या दारात गेला की आतून आवाज यायचा, "आज नको रे, गावाला निघालोय." पाकीट जायला सत्तर रुपये, परत यायला पुन्हा पैसे, आणि परत आलेलं मेतकूट घरातच भाताबरोबर संपवायचं. त्या महिन्यात भावाकडे जेवायला गेलं की मेतकूट-भात ठरलेला.

पण सगळ्यात मोठं भोक निघालं ते या सत्तर रुपयांचंच. बेमार्डवाल्यांच्या यादीतही, नुसतं बघणारे सोडले तर, पहिलं कारण हेच असतं: शेवटच्या पानावर अचानक वाढलेला खर्च. मेतकूट एकशेवीसचं. इथवर सगळं गोड. पुढच्या पानावर 'डिलिव्हरी ७०' दिसलं की माणसं शिंकरल्यासारखी बाहेर. एका बाईंनी तर साइटवरचा नंबर शोधून फोनच केला, "एकशेवीसचं मेतकूट आणायला सत्तर रुपये? त्यापेक्षा मी पुण्याहून स्वतः येऊन घेऊन जाईन!" वहिनी म्हणाली, "या ना, जेवायलाच या." पुतण्या शेजारी बसून कपाळ बडवत होता.

त्याने मग भाव दहा-दहा रुपयांनी वाढवले आणि पाचशेच्या वर डिलिव्हरी मोफत केली. आता जी गंमत झाली ती कुठल्याही पुस्तकात वाचली असती तर मी खोटी म्हटली असती. लोकांची कार्टं चारशे ऐंशीवर येऊन अडू लागली. वीस रुपये कमी. त्या वीस रुपयांसाठी सत्तर रुपये जाणार, हे दुःख माणसाला सहन होत नाही. आणि सत्तर वाचवायला आणखी एकशेतीसचं मेतकूट घ्यावं, तर तेही फार होतं. फोन येऊ लागले, "वीस रुपयांचं काही आहे का हो तुमच्याकडे?" वहिनीने विचार केला. वीस रुपयांत काय देणार? दारातला कढीपत्ता? शेवटी तिने लसणीच्या चटणीच्या तीस रुपयांच्या पुड्या बांधल्या. ही चटणी तोवर विक्रीला नव्हतीच, ती घरच्यांसाठी केलेली होती. दोन महिन्यांत तीच साइटवर सर्वांत जास्त खपली. चटणी मागवणाऱ्यांना चटणी किती हवी होती याचा आकडा कुठल्याच तक्त्यात येत नाही.

तेवढ्यात पुतण्याने कूपनचा रिकामा चौकोन टाकला. तो दिसला की आजवर सुखी असलेल्या माणसाला कळतं की जगात कुणीतरी हेच आपल्यापेक्षा स्वस्तात घेतंय. तो कार्ट टाकून कूपन शोधायला बाहेर पडतो आणि बाहेर जगात इतकं काय काय दिसतं की परत येत नाही. चौकोन तिसऱ्या दिवशी काढला.

यानंतर बटणाच्या रंगाचं प्रकरण. हिरवं की केशरी? वहिनी म्हणाली केशरी, मी म्हणालो हिरवं. पुतण्या म्हणाला, मत नको, प्रयोग करू. अर्ध्या लोकांना हिरवं दाखवायचं, अर्ध्यांना केशरी, आणि कुठलं जास्त खपतं ते मोजायचं. मोठमोठे हेच करतात. गूगलने निळ्याची कुठली छटा लावायची यासाठी ४१ निळे तपासले म्हणतात, आणि त्यांचा एक डिझायनर २००९ साली या असल्या मोजमापाला कंटाळून नोकरी सोडून गेला. पण गूगलकडे माणसं आहेत. पुतण्याने गणित मांडलं. दोन टक्क्यांचे दोन पूर्णांक चार टक्के झाले तर तो बटणाचा गुण की योगायोग, हे खात्रीने सांगायला प्रत्येक रंगाला वीस हजारांच्या घरात माणसं हवीत. दोन रंगांची मिळून चाळीस हजार. वहिनीच्या साइटवर रोज येतात चाळीस, त्यातही काही आमचेच नातेवाईक, 'साइट चालते का' बघायला येणारे. म्हणजे हिरवं की केशरी हे कळायला पावणेतीन वर्षं. "तोवर लोणच्याच्या कैऱ्या येऊन जातील तीनदा," वहिनी म्हणाली आणि केशरी ठेवायला सांगितलं. छोट्या दुकानदारांना असले प्रयोग विकणारे बरेच जण हे गणित सांगत नाहीत, हे मात्र मला इथे नमूद करावंसं वाटतं. आठवडाभरात तीनचे पाच झाले की ते पेढे मागतात.

पुतण्याचा शेवटचा हुकमी पत्ता म्हणजे घाई. 'फक्त ३ पाकिटं शिल्लक!' आणि खाली उलटं धावणारं घड्याळ. वहिनीने ते वाचलं, उठून स्वयंपाकघरात गेली आणि भाजणीचा डबा उघडून आणला. "तीन? हा भरलेला डबा काय तुझ्या बापाने बघितला नाही?" बाप, म्हणजे माझा भाऊ, पेपरमागे गेला.

त्या वेळी मी पुतण्याला सरकारी नियमावली दाखवली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतल्या 'डार्क पॅटर्न'ना, म्हणजे गिऱ्हाईकाला गंडवायच्या क्लृप्त्यांना बंदी घातली. असे एकूण १३ प्रकार त्यात दिले आहेत. मी ती यादी वाचायला बसलो आणि मला सारखं लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटू लागलं. खोटी घाई करणं: 'गरम आहेत तोवर घ्या, हा शेवटचा घाणा.' न विचारता टोपलीत माल सरकवणं: पानावर आपण दोन्ही हात आडवे धरलेत आणि बोटांच्या फटीतून जिलबी आत आली आहे. नकार देणाऱ्याला लाजवणं: 'अहो एवढंच? आवडलं नाही वाटतं आमच्याकडचं.' पिच्छा पुरवणं: तोच वाढपी, तोच मठ्ठा, चौथी फेरी. किंमत थेंबाथेंबाने उघड करणं: पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' आणि हॉलच्या दारात पाकिटांची चकचकीत पेटी. नको असलेली वर्गणी बंद करता न येणं, याला तर मी सत्यनारायण मंडळाचा सभासद म्हणून साक्षीदार आहे. फरक इतकाच की पंगतीतल्या आग्रहात खर्च आग्रह करणाऱ्याचा होतो. त्यामुळे तिथे प्राधिकरण लक्ष घालणार नाही.

घड्याळ गेलं. त्याच्या जागी वहिनीने स्वतः सांगून एक ओळ टाकून घेतली: 'भाजणी दर मंगळवारी भाजते. सोमवारपर्यंत सांगा.' खाली तिचा फोन नंबर, मोठ्या अक्षरांत. पुतण्याचा विरोध होता. फनेलमध्ये मध्येच असं दार उघडं ठेवलं की माणूस बाहेर पडतो, असं त्याचं शास्त्र.

आणि माणसं खरोखरच बाहेर पडली. साइटवर यायची, मेतकुटाचा देखणा फोटो बघायची आणि सरळ फोन लावायची. "फार तिखट नाही ना हो? सासूबाईंना दात नाहीत." "गोड्या मसाल्यात दगडफूल घालता का?" "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मूळच्या कुठल्या हे ठरलं की दहा मिनिटांत एखादा दूरचा दीर, एखादी मावससासू दोघींच्या ओळखीची निघायची, आणि त्यानंतर कार्ट, फॉर्म, ओटीपी वगैरे काही लागतच नसे. व्हॉट्सॲपवर पत्ता यायचा, झेरॉक्सवाल्यासकट पूर्ण. पैसे यूपीआयने. वहिनी पाकिटं बांधायला शेजारच्या मुलीला दुपारची बोलवू लागली.

पुतण्याच्या लॅपटॉपवर मात्र हाहाकार होता. साइटवर ऑर्डर नोंदवणारे कमी कमी होत दोन टक्क्यांच्या अर्ध्यावर आले. लाल बाण खाली चाललेला आणि खोलीत पाय ठेवायला जागा नाही, इतकी खोकी. त्याने मला खोलीच्या दारात उभं राहून तो आलेख दाखवला. आत जाणं शक्यच नव्हतं.

"काका, डेटानुसार आपण बुडतोय."

"आणि नीट बघितलं तर?"

"नीट बघितलं तर दिवाळीला भाजणी कमी पडेल."

पण शास्त्र सोडेल तो पुतण्या कसला. फोनवरचं फनेलही मोजायचं, म्हणून त्याने आईला एक तक्ता करून दिला. कुठून कळलं, काय घेतलं, नाही घेतलं तर का, आणि शेवटी 'कन्व्हर्ट: हो / नाही'. वहिनी जुनी डायरीवाली, नोंदी चोख ठेवते. 'कुठून कळलं' या रकान्यात जाहिरातीचं नाव एकदाही नाही. 'वन्सांकडे थालीपीठ खाल्लं', 'डॉक्टरीणबाईंनी सांगितलं', 'चुकून फोन लागला, मग बोललो' असं आहे. 'नाही घेतलं तर का' मध्ये 'दूध उतू गेलं', 'मुलगा अमेरिकेहून येणार होता, रद्द झालं', 'चक्कर मारून येते म्हणाल्या'. पुतण्या हे सगळं संध्याकाळी कॉम्प्युटरमध्ये भरतो. परवा एका नोंदीपाशी तो अडला. नाशिकच्या कुणी बाई. अनेकदा फोन. 'काय घेतलं' हा रकाना रिकामा, आणि पुढे 'कन्व्हर्ट: हो'.

"आई, यांनी तर काहीच घेतलं नाही."

"नाही घेतलं. भाजणीचं प्रमाण विचारलं, मी सांगितलं. पहिल्यांदा त्यांचे धणे करपले. मग म्हटलं, आच मंद ठेवा, डाळी वेगळ्या भाजा. आता उत्तम जमते."

"पण मग कन्व्हर्ट कसं लिहिलंस?"

"अरे, आधी विकतची आणायच्या त्या. आता घरी करतात."